शिकवणाऱ्या यंत्रांची शंभर वर्षं

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची संध्याकाळ, म्हणजे आमच्या घरी ‘अगं, उद्या काय काय द्यायचंय शाळेत?’ हे आठवायची वेळ. लेक सातवीत आहे. गृहपाठ असा होता की आजीशी किंवा आजोबांशी बोला आणि त्यांच्या शाळेबद्दल एक पान लिहा. एरवी अशा पानाला आमच्याकडे रात्रीचे पावणेदहा वाजतात, एकदा तरी रडारड होते. त्या दिवशी दहा मिनिटांत काम फत्ते. मी वाचलं. छान होतं. गावाबाहेरची शाळा, वडाचा पार, पाटी-पेन्सिल, पावसात गळणारं छप्पर आणि मायाळू गुरुजी. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. खरं तर इथेच मला शंका यायला हवी होती.

आई आतल्या खोलीतच होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, ३५ वर्षांहून जास्त, त्यातली बरीचशी माण तालुक्यात. तिने चष्मा लावला, सावकाश सगळं वाचलं, कागद उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं आणि विचारलं, "छान आहे. पण हे कुणाच्या आजीचं आहे गं?"

आजी चार पावलांवर बसलेली आणि नातीने तिच्याबद्दल विचारलं चॅटबॉटला! मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण दोनच दिवसांपूर्वी, शुक्रवारी घरी लवकर निघायचं म्हणून, एका मॉड्यूलचे सगळे टेस्ट केसेस मी असेच एआयकडून लिहून घेतले होते. तेही छान होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. शाळेत यंत्र शिरलं की नक्की काय होतं? गेले दोन-तीन वीकेंड जमेल तसं वाचत गेलो, आणि पहिला धक्का असा बसला की ही गोष्ट २०२२ साली सुरू झालेलीच नाही. ती चांगली शंभर वर्षं जुनी आहे.

*

१९२४ साली अमेरिकेत, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्राचे प्राध्यापक सिडनी प्रेसी यांनी आपल्या व्यवसायबंधूंच्या अधिवेशनात एक यंत्र मांडून दाखवलं. दिसायला थोडंफार टाइपरायटरसारखं. एका छोट्या खिडकीत प्रश्न आणि चार पर्याय दिसायचे. चार बटणांपैकी एक दाबायचं. एक खटका फिरवला की यंत्र नुसती परीक्षा घेण्याऐवजी ‘शिकवायला’ लागायचं, म्हणजे बरोबर बटण दाबेपर्यंत पुढचा प्रश्नच येत नसे. वर एक जोडणी अशी होती की अमुक इतकी उत्तरं बरोबर आली की गोळी बाहेर पडायची. खायची गोळी! आजच्या शैक्षणिक अ‍ॅपमध्ये उत्तर बरोबर आल्यावर जो सोनेरी तारा फिरतो ना, त्याचे खापरपणजोबा ते हेच.

प्रेसींचा हेतू चांगला होता. पेपर तपासण्याच्या हमालीतून शिक्षकाला सोडवायचं, म्हणजे त्याला खरं शिकवायला वेळ मिळेल. हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे दर वीस वर्षांनी पुन्हा भेटणार आहे. पण यंत्र बाजारात येतंय तोवर अमेरिकेवर महामंदी कोसळली. शिक्षकच बेकार हिंडत असताना शिक्षकाचे कष्ट वाचवणारं यंत्र कोण घेणार? १९३२ साली प्रेसींनी नाद सोडला.

यानंतरचं पात्र तुमच्या ओळखीचं असेल. बी. एफ. स्किनर, कबुतरांना दाणे टाकून कायकाय शिकवणारे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ. १९५३ सालच्या नोव्हेंबरात ते आपल्या धाकट्या मुलीच्या, चौथीच्या वर्गात गणिताचा तास बघायला गेले. पालकांनी येऊन बसायचा दिवस होता. मुलं उदाहरणं सोडवत होती, बाई बाकांमधून फिरत होत्या. काहींचं झालं होतं आणि ती चुळबुळत होती, काही अडली होती आणि हिरमुसली होती. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, ते वह्या तपासून झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी कळणार. स्किनरसाहेबांच्या मनात आलं की या बाई शिकण्याचे दोन मूलभूत नियम मोडताहेत, आणि तसं करण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. एक, मुलाला लगेच कळलं पाहिजे आपलं चुकलं की बरोबर आलं. दोन, प्रत्येकाला आपापल्या वेगाने जाता आलं पाहिजे. काही दिवसांतच त्यांनी पहिलं ओबडधोबड यंत्र बनवलं आणि १९५४ साली पिट्सबर्गला ते लोकांसमोर ठेवलं.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडला. स्किनरना प्रेसींचे चार पर्याय मान्य नव्हते. पर्यायातून उत्तर ओळखणं वेगळं आणि स्वतः तयार करणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे त्यांच्या यंत्रात उत्तर मुलाने स्वतः मांडायचं, मग दांडा सरकवून बरोबर उत्तराशी ताडून बघायचं. माणसाबद्दलच्या त्यांच्या बाकीच्या कल्पना मला फारशा पटत नाहीत, पण हा मुद्दा मात्र शंभर टक्के पटतो.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत या यंत्रांची जोरदार लाट आली आणि दशक संपेपर्यंत ओसरलीसुद्धा. का? कारणं बरीच आहेत, मुलं कंटाळली हे एक मोठं. पण एक कारण आपल्यासारख्या सिस्टीमवाल्या लोकांना पटकन कळेल. समजा एका मुलाने वर्षाचं बीजगणित ऑक्टोबरमध्ये संपवलं आणि दुसऱ्याला पुढचा जून लागणार आहे. मग वेळापत्रकाचं काय? वार्षिक परीक्षेचं काय? वरच्या वर्गाचं काय? प्रत्येकाने आपल्या वेगाने शिकावं असं यंत्र म्हणत होतं, आणि शाळा नावाची सिस्टीम बांधलेलीच होती सगळ्यांनी एका वेगाने चालावं म्हणून. नवा क्लायंट, जुना सर्व्हर. इंटिग्रेशन फेल.

*

मग कॉम्प्युटर आला. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात डॉनल्ड बिट्झर आणि मंडळींनी ‘प्लेटो’ नावाची प्रणाली सुरू केली. ग्रीक तत्त्वज्ञाचं नाव, आतून अर्थातच एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं. १९७२ सालच्या प्लेटोच्या चौथ्या आवृत्तीत काय होतं ते ऐका : चपटा प्लाझ्मा पडदा (तो याच कामासाठी १९६४ साली तिथेच शोधला गेला), बोट लावलं की कळणारा स्पर्श-पडदा, आणि दूरदूरच्या गावांतून एका मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेले शेकडो टर्मिनल. १९७२ साली! आपण नव्वदच्या दशकाच्या शेवटी सायबर कॅफेत तासाला साठ रुपये मोजून ज्याचं कौतुक करत होतो, ते तिथल्या शाळकरी पोरांनी पंचवीस वर्षं आधी वापरून जुनं केलं होतं.

आणि त्या पोरांनी केलं काय? धडे केलेच, पण १९७३ साली त्यावर सार्वजनिक चर्चेची जागा तयार झाली, गप्पांचा प्रोग्रॅम आला, अनेकांनी मिळून खेळायचे गेम आले. धडे शिकवायला बांधलेल्या यंत्रावर लोक एकमेकांशी बोलायला धावले. कम्युनिटी कॉलेजांमध्ये प्लेटोची रीतसर तपासणी झाली, तेव्हा ते वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांत ठळक फरक काही दिसला नाही. पुढे एका बड्या कंपनीने त्यात कोट्यवधी डॉलर ओतले, ते काही परत आले नाहीत. पण आजचे फोरम, चॅट आणि ऑनलाइन खेळ यांच्या वंशावळीत प्लेटोचं नाव अगदी वर आहे.

याच काळात स्टॅनफर्डला पॅट्रिक सप्पीझ नावाचे प्राध्यापक लहान मुलांना कॉम्प्युटरवर गणित आणि वाचन शिकवायचे प्रयोग करत होते. १९६६ साली त्यांनी एक भाकीत केलं. सिकंदराला जसा अ‍ॅरिस्टॉटल खासगी गुरू म्हणून लाभला, तसा जाणता गुरू काही वर्षांत लाखो शाळकरी मुलांना कॉम्प्युटरमुळे लाभेल, अशा अर्थाचं. २०२३ साली खान अकॅडमीच्या सलमान खान यांनी (आपला नव्हे, ते दुसरे!) एआयबद्दल भाषण दिलं, त्यातही मुख्य कल्पना तीच, प्रत्येक मुलाला स्वतःचा खासगी शिक्षक. मधे ५७ वर्षं गेली. दरम्यान सिकंदरं बरीच झाली, अ‍ॅरिस्टॉटलसाहेब अजून वाटेत आहेत.

*

आपल्याकडे काय चाललं होतं? आपण मागे नव्हतो, हे वाचून मला खरंच बरं वाटलं. १९७५ सालच्या ऑगस्टपासून वर्षभर, ‘नासा’कडून उसना घेतलेला उपग्रह वापरून ‘इस्रो’ने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोहोचवला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या छत्र्या आणि समोर बसलेलं अख्खं गाव. सकाळी शाळेच्या मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांचे. सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षणही त्यावरून झालं. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली.

आमच्या पिढीला बालचित्रवाणी म्हटलं की आजही गहिवरून येतं. पण प्रामाणिकपणे आठवून सांगा, शाळेत किती वेळा पाहिलीत? आमच्या शाळेत टीव्ही होता. लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली हेडमास्तरांकडे आणि हेडमास्तर तालुक्याला मीटिंगला. यंत्र बिघडू नये म्हणून यंत्र वापरायचंच नाही, ही आपली राष्ट्रीय देखभाल पद्धत. २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली. त्याच्या बातम्या आल्या तेव्हा हळहळ व्यक्त करणाऱ्यांत मीही होतो. त्याआधीच्या वीस वर्षांत मी तिची एकदाही चौकशी केली नव्हती, हेही खरंच.

*

आता माझ्या स्वतःच्या काळात येतो. २०११ साली स्टॅनफर्डने तीन कोर्स इंटरनेटवर सगळ्या जगाला फुकट खुले केले. त्यातल्या एआयच्या कोर्सला सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं. मी त्याच वेळचा मशीन लर्निंगचा कोर्स घेतला होता. पहिला आठवडा काय तो उत्साह! स्टॅनफर्डचे मास्तर, आपण कोथरूडच्या भाड्याच्या खोलीत, मधे फक्त बीएसएनएल. चौथ्या आठवड्यात ऑफिसात रिलीज आलं आणि मी गळालो. कुणी विचारलंही नाही की बाबा रे, कुठे गेलास? दुसऱ्या वेळेस पूर्ण केला, कारण तेव्हा टीममधले आम्ही तिघं मिळून करत होतो आणि सोमवारी कँटीनमध्ये एकमेकांना तोंड दाखवायचं होतं.

या प्रकारच्या कोर्सना ‘मूक’ म्हणतात. ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत, पण मराठीत हा शब्द किती चपखल बसतो बघा. तिकडून बोलणं चालू आणि इकडचा विद्यार्थी मूक. २०१२ साल या कोर्सेसचं वर्ष म्हणून गाजलं, विद्यापीठं आता बंद पडणार अशी चर्चा सुरू झाली. २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे विद्यापीठाने ‘उडॅसिटी’बरोबर गणिताचे कोर्स असे चालवून पाहिले. उत्तीर्ण होण्याचं प्रमाण नेहमीच्या वर्गापेक्षा कमी निघालं आणि काही महिन्यांत प्रयोग थांबवावा लागला. ज्यांना आधीपासून शिकता येतं, ज्यांच्याकडे वेळ आणि शांत खोली आहे, त्यांना ‘मूक’ उत्तम. बाकीच्यांची अडचण व्हिडिओ नसण्याची नव्हतीच.

हे जगाला २०१३ साली कळलं होतं. तरीही २०२० साली आम्ही ते पुन्हा केलं. ‘आम्ही’ म्हणतोय कारण त्यात मी होतो.

करोना आला. युनेस्कोच्या आकड्यांनुसार एप्रिल २०२० पर्यंत जगभरातल्या जवळपास १६० कोटी विद्यार्थ्यांची शाळा बंद झाली होती. मी तेव्हा मुलांच्या अभ्यासाचं अ‍ॅप बनवणाऱ्या एका कंपनीत होतो (नाव जाऊ दे). डॅशबोर्ड माझ्याकडे होता. व्हिडिओ ९० टक्के पळाला की धडा ‘पूर्ण’, अशी आमची व्याख्या. मुलं व्हिडिओ दुप्पट वेगाने, आवाज बंद करून पळवायची आणि आमचे आलेख वर वर जायचे. मीटिंगमध्ये टाळ्या. एकदा आम्हाला काही विचित्र युजर सापडले. एकाच दिवशी दुसरीचा, पाचवीचा आणि नववीचा धडा बघणारे. आम्ही त्याला डेटातली गडबड समजलो आणि ते सगळे रेकॉर्ड गाळून टाकले. पुढे कितीतरी दिवसांनी, आईला हे गंमत म्हणून सांगताना ती म्हणाली, "अरे, घरात फोन एकच असेल. तीन भावंडं असतील." मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्या घरांसाठी शिकवणं सगळ्यात अवघड होतं, तीच घरं मी दोन ओळींच्या फिल्टरने आलेखातून पुसली होती.

‘असर’च्या २०२२ सालच्या पाहणीत देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचं पुस्तक वाचू शकणारी मुलं २०.५ टक्के निघाली. २०१८ साली ती २७.३ टक्के होती. शाळा उघडल्यावर, म्हणजे शिक्षक आणि मुलं एका खोलीत परत आल्यावर, २०२४ साली हा आकडा २७.१ झाला.

*

म्हणजे यंत्रं बिनकामाची का? तसंही नाही. दिल्लीत २०१५ च्या सुमारास एक चांगला अभ्यास झाला. सरकारी शाळांतली सहाशेहून थोडी जास्त मुलं होती. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या निम्म्यांना शाळेनंतरच्या केंद्रात प्रवेश दिला. तिथे ४५ मिनिटं ‘माइंडस्पार्क’ नावाचं सॉफ्टवेअर आणि ४५ मिनिटं छोट्या गटात माणसाकडून शिकवणी. आधी चाचणी घेतली तेव्हा कळलं की सहावीतलं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहे. सहावीचं पुस्तक त्याच्यासाठी जवळजवळ परक्या भाषेतलं. सॉफ्टवेअरने पुस्तक बाजूला ठेवलं आणि मूल जिथे होतं तिथून सुरुवात केली. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त होती.

स्किनरना चौथीच्या वर्गात जे दिसलं होतं ते चूक नव्हतंच. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो आणि लगेच कळलं तर फायदा होतो. दिल्लीत ते जमलं, कारण यंत्राने मुलाची पायरी शोधली, आणि मूल आज आलं का, रडतंय का, नुसतं बटणं दाबतंय का, हे बघायला खोलीत एक माणूस होता.

*

आता शेवटचा टप्पा. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी आपल्या नेटवर्कवर त्याला बंदी घातली आणि मे महिन्यात उठवली. पुराला दाराची कडी लावून काय होणार? आता वारं उलटं आहे. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच अभ्यासक्रमात एआय आणायचं, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२५ साली जाहीर केलं.

एवढं सगळं वाचल्यावर मला जाणवलेला फरक सांगतो. प्रेसींच्या खटक्यापासून माझ्या डॅशबोर्डापर्यंत प्रत्येक यंत्र शिक्षकाचं काम करायला बघत होतं. कुणी पेपर तपासायचं, कुणी व्याख्यान द्यायचं, कुणी हजेरी घ्यायचं. जमलं तर जमलं, नाही तर कुलूपबंद पेटीत गेलं. मुलाचं काम मुलाकडेच राहत होतं. बटण का होईना, त्यालाच दाबावं लागायचं. विद्यार्थ्याचं काम करून देणारं यंत्र सगळ्या वह्यांपर्यंत पोहोचलं ते या वेळी पहिल्यांदाच. (गाईड आणि कॅल्क्युलेटर होते, मान्य. पण गाईडमध्ये तुमच्या आजीबद्दल निबंध नसायचा.)

तुर्कस्तानात २०२३ साली जवळपास हजार विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. गणिताचा सराव. एका गटाला काही नाही, नेहमीची पुस्तकं आणि वह्या. दुसऱ्या गटाला साधा चॅटबॉट. तिसऱ्याला असा चॅटबॉट, ज्याला शिक्षकांनी आधी शिकवून ठेवलंय की उत्तर द्यायचं नाही, फक्त इशारा द्यायचा. सरावात दुसरा गट पहिल्यापेक्षा ४८ टक्के पुढे, तिसरा तर १२७ टक्के. मग चॅटबॉट काढून घेतले आणि परीक्षा घेतली. दुसरा गट पहिल्यापेक्षा १७ टक्के मागे पडला. ज्यांना कसलीच मदत नव्हती त्यांच्याहून वाईट! तिसरा गट पहिल्याच्या बरोबरीने राहिला. आणि आपलं शिकणं कमी झालंय याचा दुसऱ्या गटाला पत्ताही नव्हता.

यंत्र एकच होतं. शिक्षकांनी त्याला कुठे थांबायचं ते सांगितलं होतं, एवढाच काय तो फरक.

*

हे सगळं मी आईला सांगत बसलो होतो. प्रेसी, स्किनर, तुर्कस्तान. तिने शांतपणे भाजी निवडत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आम्ही मधला शब्द विचारायचो."

म्हणजे काय? तर पहिली-दुसरीची काही मुलं धडा घडाघडा म्हणून दाखवायची. बोट ओळीवरून फिरतंय, आवाज खणखणीत, साहेब तपासणीला आले की खूष. पण त्यांना वाचता येत नसायचं, ऐकून ऐकून पाठ झालेलं असायचं. मग आई काय करायची, वरच्या आणि खालच्या ओळींवर हात ठेवायची आणि मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारायची, हा कोणता? ज्याला येत असेल तो सांगायचा. ज्याला येत नसेल तो पहिल्यापासून म्हणायला लागायचा. "तो पहिल्यापासून सुरू झाला की कळायचं, याला आता घेऊन बसायला हवं. ओरडायचं नाही. नुसतं घेऊन बसायचं."

सोमवारी ऑफिसात एका ज्युनिअरचा कोड रिव्ह्यूला आला. स्वच्छ, सुबक, कॉमेंट्ससकट. मी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं, ही कशाला आहे? तो पहिल्या ओळीपासून समजावून सांगायला लागला. मी त्याला घेऊन बसलो. अर्ध्या तासाने त्याने माझ्या टेस्ट केसेसमधल्या एका ओळीबद्दल विचारलं. मीही पहिल्यापासून सुरुवात केली. असो.

शाळांनी काय करावं हे सांगायची माझी पात्रता नाही. पण घरी आणून द्यायच्या निबंधाला गुण द्यायचे दिवस संपलेत, हे मान्य करायला हरकत नसावी. मधला शब्द विचारायचा तर वर्गात मुलाशेजारी बसावं लागतं, आणि साठ पोरांच्या वर्गात ते एका बाईंना कसं जमणार? शिक्षकाला मोकळा वेळ मिळावा म्हणून यंत्र, हे प्रेसींचं शंभर वर्षांपूर्वीचं आश्वासन. वह्या तपासणं, तक्ते भरणं, ऑनलाइन माहिती पाठवणं ही कामं यंत्राने खरंच उचलली आणि वाचलेला वेळ त्या शेजारी बसण्यात गेला, तर ते एकदाचं पुरं होईल. वेळ वाचला म्हणून वर्गात आणखी वीस पोरं घातली, तर पुन्हा येरे माझ्या मागल्या.

राहता राहिला तो गृहपाठ. लेकीने तो कागद बाजूला ठेवला आणि वही घेऊन आजीसमोर बसली. तोंड वाकडं करूनच. पहिला प्रश्न, तुझी शाळा कशी होती? आजी म्हणाली, चांगली होती. झालं, संपलं! मग थोड्या वेळाने लेकीने विचारलं, तू कधी शाळा बुडवलीस का गं?

आणि आईने सांगितलं की १९७२ च्या दुष्काळात तिची शाळा वर्षभर सुटली होती. ती सोळा वर्षांची होती. आजोबांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोच्या भाकरी. हातोडीने अंगठ्याचं नख गेलं होतं, ते परत आलं पण वाकडं आलं. पुढच्या वर्षी गुरुजी घरी येऊन आजोबांशी दोन तास बोलले, म्हणून ती पुन्हा शाळेत गेली.

लेकीने आजीचा अंगठा हातात घेऊन पाहिला. मीही पाहिला. चव्वेचाळीस वर्षं त्या हातचं जेवतोय, ते नख वाकडं का आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

पान पूर्ण व्हायला रात्रीचे पावणेदहा वाजले. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. आजीने तपासल्या.